रोहूला पोटाची पिशवीच नसते

मैत्रिणींनो, आज धावड्याला नणंदेकडे, रेखाकडे गेले होते. तिच्या शेततळ्यातले रोहू मासे वाढत नव्हते, म्हणून तिचे यजमान, आमचे दाजी, तळंच मोडायला निघाले होते.

"म्हशीवानी दोन टाइम घमेलंभर पेंड टाकून राह्यले मी, वैनी. अजून काय करू?" रेखा म्हणाली.

जेवणासाठी तिने रोहू चिरला. पोटाची पिशवी कुठेच दिसेना, नुसतं लांबलचक वेटोळं आतडं!

रेखाने मत्स्य विभागात फोन केला. ते म्हणाले, रोहूला जठर नसतंच. घास आतड्यातून सरकताना आतड्याची भिंतच सत्त्व टिपून घेते. एकदम टाकलेलं साठवायला जागाच नसते, ते वाया जातं. थोडं थोडं, पुष्कळदा द्या.

दाजी हसले. "म्हंजे म्हैस न्हाई, तान्हं लेकरू पाळलंय की आपण! मंग राहू दे तळं."

एवढ्या नाजूक आतड्यावर किलोभराचा मासा वाढतो, याचं मला अजून नवल वाटतंय. तुम्हीही मायेने कुणाला एकदम फार भरवलंय का?