सवलत आधीच मिळाली

आमच्या गावातल्या सुभेदारांना फौज सोडून बरीच वर्षं झाली, पण बसून बोलणं त्यांना अजून जमत नाही. चहासुद्धा उभ्यानंच पितात आणि घरातल्या घरात बोलतानाही आवाज मैदानावरचा लावतात.

गेल्या वर्षी मेढ्याकडच्या मुलींसाठी साताऱ्यात आम्ही बांधत असलेलं वसतिगृह स्लॅबपाशी अडलं. देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणारा दाखला आमच्या संस्थेला मिळाला नव्हता आणि त्याशिवाय शहरातले देणगीदार पैसे सोडेनात. जूनमध्ये मुली राहणार कुठं, या काळजीनं मी सुभेदारांकडं गेलो. "गुरुजी, आत्ता चला!" म्हणत त्यांनी मला थेट देवळापुढं नेलं. हाका मारून ऊसवाले शेतकरी गोळा केले.

मी अडचण सांगितली. एकजण म्हणाला, "आवं सुभेदार, सवलत न्हाई म्हणून शेरातली माणसं देईनात. मग आमीच का द्यायचं?"

सुभेदारांचे डोळे चमकले. "गड्या, उसाच्या उत्पन्नावर तू कवा आयकर भरलायस का रं?"

"न्हाई."

"मंग तुला सवलत आदीच मिळालीया! दाखल्याची वाट त्येंनी बघावी. आपुन स्लॅब टाकू!"

तोच माणूस हसत उठला. "लिवा, गुरुजी. सिमेंट माझं."

स्लॅबच्या दिवशी ट्रॅक्टर भरभरून गाव आलं. मिक्सरच्या वर सुभेदारांचा आवाज चढत होता, आणि घमेली पुढं देताना मीही पोरासारखा ओरडत होतो.

दाखला दिवाळीनंतर आला. मुली जूनमध्येच राहायला आल्या होत्या.