जग बुडाल्यानंतरची संत्री

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात बाबांनी आईला आणि मला अकोल्याहून मोर्शीकडच्या एका मठात नेलं. बाबा शाळेत गणित शिकवायचे. साथीत त्यांचा सख्खा भाऊ गेला आणि त्यांचा सगळ्यांवरचा विश्वास उडाला. उरले फक्त महाराज.

मठात शिरतानाच आमचे मोबाईल काढून घेतले. "बाहेरचं जग बुडालं. वाचलो ते आपणच," महाराज रोज सांगायचे. टाळेबंदी उठली तरी आम्हाला कोणी ते कळू दिलं नाही. शंका विचारणाऱ्याला तापल्या फरशीवर अनवाणी उभं करायचे. पाणी नाही, आणि घरच्यांनीही त्याच्याशी बोलायचं नाही.

दिवाळीच्या आधी आईच्या उशीखाली बीपीच्या गोळ्या सापडल्या. देवावर भरवसा नाही म्हणून महाराजांनी तिला भरदुपारी सगळ्यांसमोर उभं केलं. बाबा मान खाली घालून जप करत राहिले. आई कोसळली. मी पाणी घेऊन धावले, तर सेवेकऱ्याने तांब्या हिसकावला.

उघड्या फाटकाशी ट्रक भरत होता. मठाच्या बागेतली संत्री आम्हीच तोडायचो, पेट्या आम्हीच भरायचो. इतके दिवस मनात घोळत असलेलं तोंडून निघून गेलं.

"महाराज, जग बुडालं असन, तं आपले संत्रे कोन खाऊन राहिलं?"

मागे बसलेली एक म्हातारी फिसकन हसली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

"हिलेबी उभं करा," महाराज गरजले.

"मी उभीच आहो."

मी आईला उठवू लागले. बाबा पुटपुटले, "पोरी, बस खाली."

आईने डोळे उघडले. "तुमी बसा. आमी चाललो."

ट्रकवाल्याने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली आणि आम्हाला मोर्शीच्या सरकारी दवाखान्यात सोडलं. वाटेत चौकात दोघं जण गाडीला गाडी घासली म्हणून कचाकचा भांडत होते. ते भांडण ऐकत तिथेच थांबावंसं वाटलं मला.

आई बरी झाली. बाबा अजून तिथेच आहेत. मागच्या वर्षी दोन सेवेकरी अकोल्याला आमच्या घरी आले. म्हणाले, "माफी मागा, महाराज परत घेतील."

आई भाजी निवडत होती. ती उठलीसुद्धा नाही.

"तुमच्या महाराजालेच माफी मागाले पाठवा. आन् हिच्या बाबाले सांगा, यायचं असन तं एकटे या. महाराज घेऊन नोका येऊ."