आबांचं गाऱ्हाणं

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत देवाशी बोलायचं काम आबांकडे होतं. चाळीच्या वार्षिक पूजेला आरती संपली की नारळ हातात घेऊन ते उभे राहायचे. सव्वाशे किलोंचा देह, त्याला शोभेल असा आवाज. "बा देवा महाराजा," असं म्हणून ते गाऱ्हाणं घालत, म्हणजे एकेका खोलीचं मागणं देवापुढे मांडत, आणि आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणत असू. अठ्ठेचाळीस खोल्या, आणि हातात कागदाचा चिटोराही नाही. कोणाचं लग्न अडलंय, कोणाच्या आईचा दमा बळावलाय, कोणाचा मुलगा रुसून नाशकाला जाऊन बसलाय. एक खोली सुटायची नाही.

माझं मागणं त्यांनी तीन वर्षं मांडलं. "एकवीस नंबरचा चेडू बी.ए.क बसलेला आसा, तेका पास कर रे महाराजा." चेडू म्हणजे मुलगी, ती मी. आमच्या घराण्यात कॉलेजचा जिना चढलेली मी पहिली, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. निकाल लागला त्या दिवशी आबांनी धापा टाकत अठ्ठेचाळीस दारं वाजवली होती. पुढे त्यांनी माझ्यासाठी नोकरी मागितली, मग नवरा. दोन्ही मिळालं. दुसऱ्या बाबतीत देवाने जरा घाई केली, असं आई म्हणते.

एवढं लक्षात कसं राहतं, ते मला उशिरा कळलं. आबांची बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. ते दारावरून गेले की आतून हाक यायची, "आबा, दोन घास खाऊन जा." दोन घासांचं ताट व्हायचं, आणि वाढता वाढता बायका मन मोकळं करायच्या. "भरल्या ताटासमोर कोण खोटा बोलना नाय," असं ते म्हणत. चाळीतली सगळी सुखदुःखं त्यांनी अशी जेवणाबरोबर पोटात घातली होती.

ते खाणं पुढे अंगावर आलं. साखर वाढली, जिना चढवेना, बोलता बोलता डुलकी लागायची. डॉक्टरांनी जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. कागद इंग्रजीत, म्हणून आबांनी वाचायला मला बोलावून घेतलं. मी ऐटीत वाचून दाखवलं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं, नाहीतर नसांवर आणि स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, हेही वाचलं. आबा म्हणाले, "तू आसस ना गो लक्ष ठेवक." मी हो म्हटलं.

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष चांगलं गेलं. वजन उतरलं, रात्रीची झोप धड लागू लागली. "डोळ्यांवरची झापड गेली गो माझी," असं ते ज्याला त्याला सांगायचे. त्या पूजेला तर चाळ सोडून गेलेल्या दोन बिऱ्हाडांचीही मागणी त्यांनी आठवून मांडली. काही जणांचं डोकं असं तरतरीत होतं, असं डॉक्टर म्हणाले.

पण चार चमचे भातावर उठणाऱ्या माणसाला जेवायला कोण बोलावणार? बायकांना संकोच वाटायला लागला. त्यांच्यासमोर आपण तरी भरलं ताट घेऊन कसं बसायचं, असं आईच मला म्हणाली. दारं पूर्वीसारखी उघडी होती. हाका तेवढ्या बंद झाल्या. आबा खोलीत एकटे बसून पेज प्यायचे. मी डोंबिवलीला सासरहून फोन करायची, गोळ्या घेताय ना विचारायची. ते हो म्हणायचे आणि मला ते पुरायचं.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. दूध उतू जायचं, किल्ली आत राहायची. पूजेला ते गाऱ्हाणं घालताना अकरा नंबरवर अडकले. नारळ हातात तसाच. मग समोर त्यांना मी दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एकवीस नंबरचा चेडू बी.ए.क बसलेला आसा, तेका पास कर रे महाराजा."

कोणी हसलं नाही. माझ्या कडेवर माझी मुलगी होती. सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं, "होय महाराजा."

गोळ्या त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या. "पोट भरलेला आसता, गोळ्यो खंय घालू?" म्हणाले. रक्तात बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनांनी मुंग्या कमी झाल्या, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, वयही आहे, असं डॉक्टर म्हणाले. दोन वर्षं ज्याला कोणी काही सांगितलंच नाही त्याने आठवायचं तरी काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते विचारायचं तर मला स्वतःलाच विचारायला हवं होतं.

आता रविवारी मी डबा घेऊन जाते. ते चार चमचे खातात. मी त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवते आणि घरातलं, ऑफिसातलं सगळं सांगते. काही राहतं त्यांच्या लक्षात, काही नाही. मी निघताना मात्र नेमकं विचारतात, "निकाल लागलो काय गो?"

"लागला आबा. पास झाले."

या वर्षी मी अकरा वेळा पास झाले. दर वेळी आबा लगबगीने उठतात, सांगायला म्हणून दारापर्यंत जातात. गॅलरीत इकडे तिकडे बघतात. आणि परत आत येऊन बसतात.