दुखतं म्हणायचं नाही

माझी माय माळ ओढत रोझरी म्हणायची तेव्हा तिच्या तोंडाला दोन कामं असायची. एकीकडे ‘नमो मारिया’ चालू, आणि पडवीत कोंबडी चढली की त्याच दमात, ‘हड! आज तुझोच रस्सो करतंय बघ!’ मग पुढचा मणी. गुडघे दुखले की गुडघ्यांना शिव्या, भात करपला की चुलीला शिव्या, आणि खाडीत शिंपल्यांतली कालवं काढताना पाणी लवकर चढलं तर पाण्याला. मी चिडले की म्हणायची, ‘देवाक सांगूचां नाय तर कोणाक सांगूचां?’ तिच्या लेखी ते सगळं प्रार्थनेतच जमा होतं.

बाबा आजारी पडले, त्यांना गोव्याला इस्पितळात नेलं, तेव्हाही ती गप्प बसली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, ‘हे काय आता उठूचे नाय.’ बाबा शुद्धीवर होते, ऐकत होते. तीन आठवड्यांनी ते गेले. डॉक्टरांनी आधीच आशा सोडली होती हे मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच, की हिच्या जिभेनेच त्यांना नेलं. तिला मी हे कधी बोलून दाखवलं नाही. नुसता राग धरून बसले.

मी गावाहून रोज एसटीने जाऊन कणकवलीला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करते. तिथल्या एका बाई मला रविवारी दुपारच्या प्रार्थनेला घेऊन गेल्या. आमच्या गावच्या चर्चसारखी तिथे वेदी नव्हती, मेणबत्त्या नव्हत्या. दुकानांच्या वर एक हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड आणि माईक. पास्टर शांत माणूस. ते सांगत, देवाने जग बोलून घडवलं आणि माणसाच्या तोंडातही तशीच शक्ती ठेवली. म्हणून जे हवं तेच बोला, जे नको त्याला आवाज देऊ नका. मला ते जागच्या जागी पटलं. बाबांचं काय झालं ते मला आता कळलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या शिकवणीला घट्ट धरलं.

नाताळाच्या आधी मायच्या तळपायात कालवाचं शिंपलं घुसलं. दीड इंचाची चीर. मायला साखर आहे. मालवणच्या डॉक्टरांनी दोनदा ड्रेसिंग केलं आणि आठवड्याने परत आणा म्हणाले. मी परत नेलं नाही. औषध बंद करा असं पास्टर कधीच म्हणाले नाहीत. ती अक्कल माझी. डॉक्टर पाय बघून काहीतरी वाईट बोलतील, ते आमच्या कानावर पडेल आणि खरं होईल, अशी मला भीती वाटत होती. चांगली शिकली-सवरलेली बाई मी, आणि एका वाक्याला घाबरून बसले होते.

घरात मी नियम केला. ‘दुखता’ हा शब्द बंद. माय बोलायला लागली की मी हात वर करायची. ‘बरो झालो म्हण.’

‘झालो नाय तर कसां म्हणू गो?’

‘म्हटल्यावर होतो.’

पहिले दोन-तीन दिवस तिने मला सोडलं नाही. वेड लागलंय म्हणाली, कणकवलीचं पाणी लागलंय म्हणाली. मग मी एकदा ते बोलून गेले. ‘बाबांच्या वेळी तू काय बोलत होतीस, आठव,’ असं म्हणाले. तिने हातातली ताटली खाली ठेवली, आणि त्या दिवसापासून तिने पायाचं नाव काढलं नाही. कोंबड्यांनासुद्धा ती काही बोलेना. घर इतकं शांत झालं की समोरच्या घरातला टीव्ही ऐकू यायचा. मला वाटलं, आपण जिंकलो.

आमच्या प्रार्थनेत साक्ष देण्याची रीत आहे. देवाने काय केलं ते माईकवर उभं राहून सांगायचं. आणि ज्यांचा विश्वास मोठा, ते झालं नसलं तरी झालं म्हणून सांगतात. एका रविवारी मी उठले आणि म्हणाले, ‘माझ्या आईचा पाय पूर्ण बरा झाला.’ टाळ्या, आमेन, दोन बायका रडल्या. कोणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि ग्रुपवर टाकलं. परतीच्या एसटीत कणकवलीपासून घरापर्यंत फोन वाजत होता, जोडलेले हात आणि फुलं.

घरी आले तर मायच्या खोलीत वास होता.

पाय सुजून चकचकीत झाला होता, करंगळी काळी पडत चालली होती. मला खरं म्हणजे तिथल्या तिथे रिक्षा बोलवायला हवी होती. पण मी विचार काय केला? आत्ताच साठ माणसांसमोर बोललेय. आता डॉक्टरकडे नेलं तर माझा शब्द मीच मोडला. आणि शब्द मोडला म्हणून हिचं काही बरंवाईट झालं तर? नेलं नाही तर पाय जातो, नेलं तर माझ्या अविश्वासाने जातो. कुठूनही बघितलं तरी मारेकरी मीच. चार दिवस मी ऑफिसात बसून फॉर्मवर शिक्के मारत होते आणि एकच वाक्य पुटपुटत होते, बरा झाला, बरा झाला. पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या ग्रुपवर निरोप आला: या रविवारी आईंना घेऊन या, त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

मी मायला सांगितलं. ती नको म्हणेल, भांडेल, निदान मला चार शिव्या घालेल, असं मला वाटलं होतं. वाटलं म्हणजे मी वाट बघत होते. ती म्हणाली, ‘बरी साडी काढ.’

गाडी केली. हॉलचा जिना ती बसून बसून चढली. पायावर स्वच्छ पंचा गुंडाळला होता. माईक हातात दिल्यावर तिने आधी तो कसा धरायचा ते विचारलं, लोक हसले. मग तिने माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. ‘माझां चेडू सांगता तां खरां,’ ती म्हणाली. ‘पाय बरो झालो. काय दुखणां नाय.’

जन्मात मी तिला देवासमोर खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ती माझा शब्द राखायला बोलली. लोक टाळ्या वाजवत होते. मी पुढे गेले, तिच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, ‘खोटं आहे. मी खोटं बोलले. तिचा पाय कुजतोय.’ टाळ्या लगेच थांबल्या नाहीत, मागच्या लोकांना कळलं नसावं. पास्टरांनी खाली वाकून पंचा सोडला, पाय बघितला आणि ते किल्ली घेऊन गाडी काढायला गेले.

दोन बोटं गेली. आणखी चार दिवसांनी पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते ऐकून मला काहीच झालं नाही. कसला शब्द आणि कसली शक्ती, मला तेव्हा फक्त तो वास आठवत होता.

आता माय घरी आहे. ऑफिसातून आले की मी तिचं ड्रेसिंग बदलते. रोज विचारते, ‘दुखता?’ ती आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग म्हणते, ‘नाय गो. बरां आसा.’ खरं की खोटं, मला कळायला मार्ग नाही. रोझरी म्हणते, मणी ओढते. कोंबडी पडवीत येऊन तांदूळ टिपून जाते, ती काही बोलत नाही.

काल कापूस जखमेला चिकटला होता. मी ओढला तशी तिने रोझरी मुठीत आवळली, पण तोंडातून आवाज काढला नाही. मला रडू फुटलं. ‘माय, दुखता म्हण ना गो. शिव्या घाल माका. काय तरी बोल.’

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘तुका काय आयकूचां आसा तां सांग बाय,’ ती म्हणाली, ‘तां बोलतंय.’

ती टोमणा मारत नव्हती, मनापासून विचारत होती.