रंगखान्यातला उसासा

गॅस कंपनीत तिला सगळे तेलताई म्हणत. कारखान्यांतल्या मोठ्या मीटरांचं तेलपाणी तिच्याकडे होतं; पाण्याचा मात्र थेंबही त्यांना चालत नाही. अशा मीटरच्या पोटात दोन जाड पंखे एकमेकांना न शिवता फिरत असतात, आणि त्यांच्या टोकांची दातेरी चाकं तेलात बुडालेली असतात. तेल कमी पडलं की चाकं एकमेकांना खातात, जास्त झालं की ते गॅसच्या वाटेत घुसतं. बाजूच्या गोल काचेत ते बरोबर निम्म्यावर दिसलं पाहिजे.

हे काम आधी तिच्या दादाचं होतं. कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या रंगखान्यातल्या मीटरचं तेलाचं बूच उघडताना ते आतल्या दाबाने उडालं आणि त्याच्या कानशिलावर बसलं. तो जागच्या जागी गेला. चौकशीवाल्यांनी व्हॉल्व्ह फिरवून पाहिले, ते फिरत होते. मग दाब न सोडताच घाईने बूच उघडलं, असं ठरलं. कंपनीने वहिनीला नोकरी देऊ केली. "त्या पायरीवर मी पाऊल ठेवणार नाही," वहिनी म्हणाली. मग ती नोकरी तेलताईने घेतली.

दादा आणि घाई! चहासुद्धा तीनदा फुंकल्याशिवाय तोंडाला न लावणारा माणूस. पण मेलेल्या माणसाची बाजू कोण घेणार?

रंगखान्याच्या मीटरचं काम नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. गेलेला प्रत्येक जण परत येऊन एकच सांगायचा. "मीटर बंद केला ना, की तो उसासा टाकतो. अगदी माणसासारखा." कुणी बूच न उघडताच परतायचं, कुणी काच नुसती पुसून यायचं. ताईसमोर मात्र सगळे गप्प बसायचे, आणि तेच तिला जास्त लागायचं. दुसरे मीटर उघडतानाही आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, असं तिला वाटत राहायचं. काचेतल्या तेलावर तिचाच चेहरा पडे, पण कपाळ दादाचं दिसे.

शेवटी तिनेच ते काम मागून घेतलं.

ती भर दुपारी गेली. सोबतीला कारखान्याचे बॉयलरवाले काका मीटरभोवतीच्या जाळीच्या दाराशी उभे राहिले. दादा गेला तेव्हाही तेच तिथे होते.

"भीती वाटत असेल तर राहू दे पोरी," ते म्हणाले.

"वाटतेय. म्हणून तर तुम्ही इथून हलू नका."

भट्ट्या विझू नयेत म्हणून तिने आधी गॅसला बाजूच्या नळीतून वाट करून दिली. मग मीटरच्या अलीकडचा व्हॉल्व्ह बंद केला, पलीकडचा बंद केला. पंख्यांची गुणगुण खाली खाली येत थांबली. दाब सोडायच्या तोटीची छोटी चावी उघडून तिने आतला दाब वरच्या नळीतून मोकळ्यावर सोडला. काटा शून्यावर आला. तिने चावी बंद केली आणि पाना बुचाला लावला.

तेवढ्यात तो आला. लांब, दबका उसासा.

पाना खाली पडला. काका भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. पळावं असं तिलाही वाटलं, पण पाय उचलेनात, म्हणून ती तशीच काट्याकडे बघत राहिली. आणि काटा हलला. शून्यावरून तो अगदी सावकाश वर सरकू लागला.

ती पलीकडच्या व्हॉल्व्हला कान लावून बसली. उसासा तिथेच होता. बंद व्हॉल्व्ह आतून नीट बसत नव्हता, आणि बाजूच्या नळीतला गॅस उलटा मीटरमध्ये भरत होता.

"काका," तिने विचारलं, "दादाने दाब सोडला होता?"

"सोडला होता गं! मी कानांनी ऐकला. कंठशोष करून सांगितलं त्यांना, कुणी मानलं नाही. सोडला, चावी बंद केली, आणि पाना हातात घेणार तोच फोन आला. इथे फोन चालत नाही म्हणून दारापलीकडे जाऊन बोलत बसला. हसत होता. परत आला आणि थेट बूच सोडायला घेतलं."

"फोन कुणाचा होता?" हे तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं. वहिनीने तो शेवटचा फोन घरात कितीदा तरी सांगितला होता: काही काम नव्हतं, उगाच केला, पडद्याचा रंग कुठला घेऊ म्हणून; आणि दादा कधी नव्हे तो भरभरून बोलला.

फोन आला नसता तर काटा शून्यावर असतानाच बूच निघालं असतं.

तिने बूच उघडलं नाही. मीटर तसाच ठेवून कचेरीत गेली आणि व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं साहेबांना बजावलं. व्हॉल्व्ह काढला तेव्हा आतली रबरी गादी एका बाजूने चिरलेली निघाली. दादाच्या नावावरची घाई कंपनीने मागे घेतली.

घरी आल्यावर तिने वहिनीला उसाशाचं, व्हॉल्व्हचं, दादाने दाब सोडल्याचं सगळं सांगितलं; फोनचं तेवढं नाही. वहिनी खूप रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे त्यांची काही चूक नव्हती. माझ्याशी बोलले तेव्हा सगळं ठीकच होतं ना गं?"

"हो वहिनी. तेव्हा सगळं ठीक होतं."

त्या दिवसापासून वहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगू लागली की व्हॉल्व्ह खराब होता, आमच्या माणसाने दाब आधीच सोडला होता, आणि जाण्याआधी माझ्याशी किती वेळ, किती छान बोलत होते. ऐकणारे गहिवरतात. मग वहिनी वळून विचारते, "हो की नाही गं?"

आणि तेलताई प्रत्येक वेळी मान हलवते.