दंडाआधीचं तेल

नातू पहाटे व्यायामाआधी अंगाला तिळाचं तेल लावतो, आणि त्या वासासरशी मी सत्तर वर्षं मागे, आर्वीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते.

थोरला भाऊ, दादा, कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. रुईची धूळ छातीत बसून सारखा खोकायचा. बाबा रोज पहाटे तेलानं त्याची पाठ चोळायचे. म्हणायचे, "ऊठ बाप्पा, दंड मार. अंग कमावलं का खोकला पयून जाईन." धाप लागायची, तरी दादा बाबांसाठी उठायचा. त्या छातीला विसावा हवा होता, हे आज कळतं.

एका पहाटे तो उठलाच नाही. शेवटची आंघोळ घालण्याआधी बाबांनी तेलाची वाटी मागितली. थंडगार पाठ चोळत हळूच म्हणाले, "आज राहू दे बाप्पा. आज झोप तू."