भिंतीवरून उतरवलेले प्रमाणपत्र

“नगरसेवक झाल्यावर यांनी दुकानाकडे पाठ फिरवली. सर्टिफिकेट चाकणच्या एका मेडिकलला भाड्याने दिलेले, मग इथले शटर उघडणार कसे? लोकांनी ते ओळखले आणि पुढच्या खेपेला यांना घरी बसवले.”

गेल्या महिन्यात निगडीत औषध दुकानदारीतून राजकारणात आलेल्यांचा सत्कार झाला. तिथे माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठून एका गृहस्थांनी माझ्याविषयी हे भाषण केले. महापालिकेत पाच वर्षे आमची बाके शेजारी होती. लोक हसले. मला ऐकू येत नसावे, असा वक्त्यांचा समज असावा. मला उत्तम ऐकू येते.

हसण्यावारी नेलेही असते. पण माझी नात श्रोत्यांत बसली होती. ती ताथवड्याच्या कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकते. परतताना रिक्षात तिने विचारले, “आबा, खरंच दिलं होतं भाड्याने?” या प्रश्नाला रागाने उत्तर देता येत नाही.

तेव्हा जे खरे आहे ते आधी मान्य करतो. शटर बंद असे, हे खरे. मी पडलो, हेही खरे. आणि शटरमुळेच पडलो, याबद्दल मला शंका नाही. खोटे आहे ते मधले वाक्य.

औषधाच्या दुकानात भिंतीवर एक चौकट असते, तिच्याकडे गिऱ्हाईक कधी पाहत नाही. तिच्यात फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र असते. ज्याचे ते प्रमाणपत्र, त्याने औषध देताना समोर हजर असावे, असा नियम आहे. प्रत्यक्षात कित्येक चौकटी एका दुकानात लटकतात आणि त्यांचे धनी दुसरीकडे कंपनीत शिफ्ट करतात. आमच्या व्यवसायातला हा उघड रोग आहे आणि त्याच्यावर आम्हीच औषध घेत नाही.

मी निवडून आलो तेव्हा अडचण वेळेची झाली. सर्वसाधारण सभा दुपारी दोनला, समित्यांच्या बैठकाही दुपारीच. पहिली शिफ्ट सुटून कामगार माझ्या काउंटरवर येत ते साडेतीनला. दुसरा फार्मासिस्ट शोधला. जे भेटले ते म्हणाले, “सर्टिफिकेट लावा की साहेब, बसायला कशाला पाहिजे माणूस?” मग माझे मेहुणे म्हणाले, “दाजी, तुमचं आहे ना भिंतीवर? झालं तर. गोळ्या मी देतो.” मी हो म्हटले. माझ्या आयुष्यातली चूक शोधायचीच असेल, तर ती ही आहे. भाषणकर्त्यांना ती सापडली नाही.

दुसऱ्याच सभेच्या दिवशी मेहुण्यांनी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त टर्नरला रक्तदाबाची गोळी दिली. नाव बरोबर होते, ताकद दुप्पट. तिसऱ्या दिवशी टर्नर बस टर्मिनसवर चक्कर येऊन पडला आणि मनगट मोडून घेतले. मी भेटायला गेलो. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून तो म्हणाला, “या नगरसेवक. गोळ्या आता बहुमतानं देता का राव?”

मी हसलो नाही. त्याची बायको चहा घेऊन आली, तिने माझ्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर सभेला किंवा बैठकीला निघताना मी चौकट खिळ्यावरून काढी, टॉवेलात गुंडाळी आणि पिशवीत घालून सोबत नेई. भिंतीवर ती असली की मेहुण्यांनाच काय, मलाही वाटे की मी दुकानात आहे. ती नसली की दुकान बंद. साधी सर्दीची गोळीसुद्धा नाही. हा अतिरेक होता, असे पत्नी म्हणे. असेलही. मोडलेले मनगट मी पाहिले होते, तिने नाही.

पाच वर्षे हा क्रम चालला. प्रभागात रस्ता झाला, दिवे आले, पाण्याची नवी लाइन आली. पण रस्ता कोणी केला हे कोणी विचारीत नाही. बंद शटरसमोर उभा राहिलेला माणूस मात्र ते विसरत नाही. दुसऱ्या निवडणुकीत प्रचाराला गेलो तेव्हा जुन्या गावठाणातल्या एका आजीबाईंनी मला ओट्यावर बसवले, पाणी दिले आणि तोंडावर सांगितले, “मागल्या टायमाला आमी तुला मत दिलं आन आमचंच दुकान बंद पाडलं. आता न्हाई देणार. तू आपला दुकानात बस बाबा.”

माझ्याविरुद्ध पडलेल्या मतांपैकी निदान एक मत प्रेमाचे होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकट खिळ्यावर गेली ती दुकान चालवले तोवर उतरली नाही. आजीबाई गुडघ्याचे मलम न्यायला आल्या आणि विजयी उमेदवारासारख्या हसल्या.

लोकसेवा सभागृहात अधिक होते की काउंटरमागे, या प्रश्नाचे उत्तर मला आजही ठामपणे देता येत नाही. नातीलाही तसेच सांगितले. पण भाड्याच्या गोष्टीत असा संभ्रम नाही. त्या काळी तपासणीला येणारे निरीक्षक भिंतीवर मूळ प्रमाणपत्रच मागत. झेरॉक्स चालत नसे. मूळ प्रत एकच. ती चाकणला लटकत होती, की माझ्या पिशवीत होती, एवढेच ठरवायचे आहे.

म्हणून महापालिकेतून जुन्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल आणली आणि नातीपुढे ठेवली. तीत एक हरकत नोंदलेली आहे: शेजारचे सन्माननीय सदस्य प्रत्येक सभेला आपले फार्मासिस्टचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीसह आणून बाकावर ठेवतात, त्याची अडचण होते, त्यांना समज द्यावी. हरकत घेणाऱ्या सदस्याची सही खाली आहे. ती त्या भाषणकर्त्यांची आहे.